पितळी गुंडातले जखमी जिवाणू

भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं. त्यामुळे ‘पितळी गुंडात पाणी ठेवा, जंतू आपोआप मरतात’ हा मोबाईलवर फिरणारा संदेश इथे कुणाला नवा वाटत नाही. संदेश खोटा नाही, अर्धवट आहे.

2005 साली पूजा टंडन, संजय छिब्बर आणि रॉबर्ट रीड यांनी हे प्रयोगाने तपासलं. ग्रामीण भागात वापरतात तशा पितळी भांड्यांत त्यांनी ई. कोलाय जिवाणू सोडलेलं पाणी ठेवलं. 48 तासांनी एकही जिवाणू वाढवता येईना. पण खरी गंमत अधल्यामधल्या तासांत आहे. नेहमीच्या पद्धतीने मोजले तर जिवाणू कमी भरत. ऑक्सिजनचा जाच टाळून मोजले की जास्त. म्हणजे मेले म्हणून सोडून दिलेल्यांतले काही नुसते जखमी होते!

हे जखमी तग धरतात कसे? ई. कोलायला दोन पटलं असतात, मधे चिंचोळी पोकळी. पितळेतून सुटलेलं तांबं या पोकळीत शिरतं आणि तिथल्या प्रथिनांतले गंधकाचे बंध भलत्याच जागी जोडून त्यांची घडी बिघडवतं. दुरुस्तीची कृती लिहिलेला डीएनए मात्र आतल्या पटलाच्या पलीकडे. त्याला खबर कोण देणार? वाड्याच्या देवडीवर पहारेकरी बसावेत, तशी काही प्रथिनं त्या पटलातच रुतून बसलेली असतात. त्यांतलं सीपीएक्सए पोकळीतली पडझड ओळखतं आणि आतल्या सीपीएक्सआर या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं. ते डीएनएला चिकटलं, की बिघडलेली प्रथिनं नीट करणारी किंवा कापून टाकणारी यंत्रणा कामाला लागते. दुसरा पहारेकरी, कसएस, थेट तांबंच हुंगतो आणि ते बाहेर फेकणारा पंप उभारायला लावतो. तांब्याने या दोन्ही यंत्रणा जाग्या होतात, हे जपानच्या यामामोतो आणि इशिहामा यांनी दाखवलं, तेही 2005 सालीच. दोन्ही शोधनिबंध शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत!

तेव्हा सकाळी भरलेल्या गुंडातलं पाणी दुपारी प्यायलं, तर ही झुंज अर्ध्यावरच असते. नागपूरचं सांडपाणी नाग आणि कन्हान नद्यांमार्गे वैनगंगेत येतं. तिच्या काठच्या भंडारा जिल्ह्यात नुसत्या पितळेवर विसंबू नये. आधी क्लोरीन किंवा उकळणं, मग गुंड. आतून कल्हई केलेल्या भांड्याकडून तर ही अपेक्षाच नको; तिथे पाण्याला कथील लागतं, पितळ नाही.