पवित्रता म्हणजे सोवळे नव्हे

लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात जखऱ्या या वृद्ध याजकाच्या तोंडी एक स्तोत्र येते. त्यातला विचारक्रम पाहण्यासारखा आहे. शत्रूच्या हातून सुटका आणि निर्भयता आधी. पवित्रता आणि नीतिमत्त्व यांनी भरलेले आयुष्य त्यानंतर. आमच्या व्यासपीठांवरून मात्र हा क्रम बहुधा उलटा सांगितला जातो. आधी पवित्र व्हा, दारू सोडा, तमाशा-सिनेमा सोडा. सुटकेचे परलोकात पाहू. ज्याला गावात मान वर करून चालता येत नाही, त्याला हा उपदेश काय देणार?

मी नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, एका दलित ख्रिस्ती कुटुंबातला. घरातला पहिला पदवीधर. महाविद्यालयात शिकवताना बौद्ध विद्यार्थी विचारतात, "सर, तुमची पवित्रता आणि त्यांचे सोवळे यांत फरक काय?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला भक्तिगीताने उत्तर देता येणार नाही.

'पवित्र' हा शब्द आपल्याकडे निरागस कधीच नव्हता. पाणवठा, गाभारा आणि स्वयंपाकघर पवित्र राहावे म्हणून आमचे पूर्वज अपवित्र ठरवले गेले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला ठाणे उभारले. पुढच्या काळात या जिल्ह्यातल्या महार-मांगांनी मोठ्या संख्येने बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या हाती आलेल्या शास्त्रातही शब्द हाच होता. अर्थ कोणता होता, हे तपासले पाहिजे.

हिब्रूतल्या 'कादोश' या शब्दात वेगळे काढलेले असा भाव आहे. लेवीय या पुस्तकात हे वेगळेपण दोन तऱ्हांनी येते. एका बाजूला खाण्याचे निषेध आहेत, बाळंतिणीचा विटाळ आहे, त्वचारोग्याला छावणीबाहेर ठेवण्याचा नियम आहे. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याच पुस्तकाचा १९ वा अध्याय पवित्र होण्याची आज्ञा देतो आणि लगेच शेतात उतरतो. पीक बांधापर्यंत कापू नका, सरवा गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवू नका. वजनमाप खरे ठेवा. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, परदेशीयाला छळू नका. माझ्या आजीने सरवा वेचला आहे आणि त्यासाठी मालकाच्या शिव्याही खाल्ल्या आहेत. तिला हा अध्याय समजावून सांगावा लागला नसता.

येशूने या दोन वाटांपैकी कोणती धरली, हे मार्कच्या शुभवर्तमानात स्पष्ट दिसते. तो कुष्ठरोग्याला हात लावतो. शुद्ध होण्याचा शब्द त्यानंतर उच्चारतो. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली बाई त्याच्या वस्त्राला शिवते, तेव्हा तो तिला मुलगी म्हणतो. हात न धुता जेवण्यावरून वाद निघतो, तेव्हा माणूस बाहेरून आत जाणाऱ्याने विटाळत नाही, आतून निघणाऱ्या लोभाने आणि कपटाने विटाळतो, असे तो बजावतो. सोवळ्याच्या शास्त्रात विटाळ स्पर्शाने पसरतो. इथे स्पर्शाने आरोग्य आणि प्रतिष्ठा पसरते. फरक काय, याचे माझे उत्तर हे आहे.

नीतिमत्त्वाचेही तसेच. ग्रीकमधला मूळ शब्द नीती आणि न्याय दोन्ही सांगतो. मराठीत 'नीतिमत्त्व' म्हटले की सभ्य, निर्व्यसनी गृहस्थ डोळ्यांसमोर येतो आणि न्याय मागे राहतो. तकोवाचा मेंढपाळ आमोस इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात गरजला, तो याच मागे पडलेल्या न्यायासाठी. जोडाभर वहाणांसाठी गरीब विकला जात असेल, तर देवाला सण नकोत आणि गाणीही नकोत, हा त्याचा निकाल. जकातदारांचा मुखिया जक्कय पश्चात्ताप करतो तेव्हा त्यात आकडे असतात: अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेल्याची चौपट भरपाई. पश्चात्तापाचा हिशेब असा मांडता आला पाहिजे.

मग चर्चचा हिशेब काय? अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर दोष दिला. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनिअल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांतून जातिभेद काढून टाकण्याचे फर्मान काढले. त्याला तिथल्या वेल्लाळ ख्रिस्तींनी विरोध केला. तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्तींची दफनभूमीही वेगळी राहिली. आपल्याकडेही प्रभुभोजनाचा प्याला एक असतो, सोयरीक मात्र जात पाहून होते. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याचा दर्जा खरोखर बदलला का, हा बाबासाहेबांचा प्रश्न म्हणून अजून जिवंत आहे.

त्यात राज्यसंस्थेची भर पडली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. परिणामी कित्येक घरांत कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, अशी ओढाताण चालते. व्यासपीठावरून अशा पोरांना खोटे म्हटले जाते. त्यांना भीतीपोटी नाव लपवावे लागते, ते अन्यायाचे फळ आहे. त्या अन्यायाविरुद्ध जी मंडळी बोलत नाही, तिला त्या पोरांची पवित्रता मोजण्याचा अधिकार कुठून आला?

पवित्र जीवन जगायचे तर सुरुवात घरापासून होऊ शकते. घरातल्या पोरापोरींची सोयरीक करताना जात विचारू नये. मजुराचे पैसे त्याच संध्याकाळी द्यावेत. बौद्ध आणि मातंग भावांच्या लढ्यात खांद्याला खांदा लावावा. हे करताना भीती वाटेलच. पण निर्भयतेवाचून पवित्रता नाही, हे जखऱ्याच्या स्तोत्रातच आहे.