उंबरठ्याआडचे जवान

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातून जाताना लष्कराची शिस्त आणि रुबाब सहज दृष्टीस पडतो. दृष्टीस पडत नाही तो कन्नड, वैजापूर किंवा सोयगाव तालुक्यातील एखाद्या खेड्यात खाटेला खिळलेला माजी सैनिक. 1971 च्या युद्धात विशीत असलेले जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. तरुणपणी कुबडीच्या आधारे निभावून नेलेले अपंगत्व उतारवयात माणसाला उंबरठाही ओलांडू देत नाही. अशा जवानाविषयीचे राष्ट्राचे कर्तव्य निवृत्तिवेतनाच्या हिशेबाबरोबर संपते काय, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाबद्दल सैनिकाला निवृत्तिवेतनात वेगळा अंश मिळतो. अपंगत्व 100 टक्के असेल आणि जवळ सतत कोणी असल्यावाचून त्याचे चालणार नाही असा निर्वाळा वैद्यकीय मंडळाने दिला, तर त्याखेरीज परिचर भत्ताही मिळतो. पाचव्या वेतन आयोगानंतर हा भत्ता दरमहा 600 रुपये होता. सहाव्या आयोगानंतर तो 3,000 झाला आणि 1 जुलै 2017 पासून 6,750 रुपये ठरला. महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की त्यात 25 टक्क्यांची भर पडावी, अशीही तरतूद आहे.

तथापि या आकड्यांचा हिशेब एकदा घरगुती पद्धतीने मांडून पाहावा. 6,750 रुपये म्हणजे दिवसाला 225 रुपये. 25 टक्क्यांची एक वाढ धरली तरी सुमारे 281. अंथरुणावरच्या माणसाची कूस बदलणे, त्याला आंघोळ घालणे, शौचाची व्यवस्था पाहणे, पाठीला जखमा होऊ न देणे, हे रात्रंदिवसाचे काम इतक्या मोलाने कोण करील? अर्थातच ते पत्नी करते, नाहीतर सून करते. तिची बुडालेली शेतमजुरी आणि तिचे मोडलेले कंबरडे कोणत्याही तक्त्यात येत नाही. भत्ता हा केवळ हातभार आहे, पगार नव्हे, असे यावर सांगितले जाईल. परंतु हातभार तरी पेलण्यासारखा असावयास हवा.

दुसरा दोष अधिक मूलभूत आहे. 100 टक्क्यांच्या रेषेवर असलेल्यास भत्ता आणि 90 टक्क्यांवर असलेल्यास काहीच नाही, ही विभागणी कागदावर सोपी असली तरी आयुष्याला लागू पडत नाही. ब्रिटनमध्ये युद्धनिवृत्तिवेतनधारकाला असा भत्ता 80 टक्के अपंगत्वापासून मिळू शकतो आणि गरजेप्रमाणे त्याचे चार दर आहेत. अमेरिकेत पूर्ण अपंगत्व असलेला माजी सैनिक त्यामुळे कायमचा घरात अडकून पडला, तर तेवढ्यावरच त्याला वाढीव भरपाई मिळते. सतत परिचर लागतो हे सिद्ध करण्याची अट तेथे वेगळ्या, वरच्या दराला आहे. घराबाहेर पडता न येणे हीच एक हानी आहे, हे तत्त्व तेथे मान्य झाले आहे. आपल्याकडे ते अद्याप व्हावयाचे आहे. तिजोरीला मर्यादा आहेत हे खरे. पण या वर्गातील माणसे मूठभर, आणि काळाच्या ओघात कमीच होत जाणारी.

तिसरी अडचण कार्यपद्धतीची. अपंगत्वाची एकदा ठरलेली टक्केवारी सैनिकाने स्वतः फेरतपासणी मागितली नाही, तर आयुष्यभर तीच राहते. म्हणजे प्रकृती ढासळल्यावर अर्ज करावयाचा त्याने, कागद जमवावयाचे त्याने, मंडळापुढे उभे राहावयाचे तेही त्यानेच. ज्याला ओसरीपर्यंत जाणे होत नाही, त्याने हे कसे करावे, याचे उत्तर नियमावलीत शोधून सापडत नाही.

1965 च्या युद्धात जायबंदी झालेले मुरलीकांत पेटकर यांनी 1972 साली हायडेलबर्ग येथे अपंगांच्या क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले आणि 2018 साली त्यांना पद्मश्री लाभली. खडकी येथे 1974 पासून पक्षाघातग्रस्त जवानांचे पुनर्वसन केंद्र चालू आहे. या दोन्ही गोष्टी महाराष्ट्राला भूषणावह आहेत. परंतु प्रत्येक जखमी जवान पदक जिंकू शकत नाही आणि प्रत्येकाला खडकीला जाऊन राहता येत नाही. बहुतेकांचे केंद्र म्हणजे त्यांची खाट.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने घरी अडकलेल्या माजी सैनिकांची तालुकावार यादी करावी, वैद्यकीय तपासणी त्यांच्या दारी व्हावी, आणि केंद्र शासनाने भत्त्याच्या पायऱ्या गरजेनुसार आखाव्यात, एवढीच ही मागणी आहे. सीमेवर जाताना या माणसांनी अंतर मोजले नव्हते. आता त्यांच्या दारापर्यंतचे अंतर शासनाने चालून जावे.