बंब का रुसला?

बालमित्रांनो, आगीचा लाल बंब घणघणत निघाला, की तुम्ही खिडकीकडे धावता ना? पण समजा, आगीची वर्दी आली, जवान भराभर बंबात चढले, ड्रायव्हरकाकांनी सेल्फ मारला आणि नुसतंच 'टक्' झालं, तर?

छोटी गाडी धक्का मारून सुरू करता येते. बंबाच्या टाकीत ४,५०० लिटर पाणी असेल, तर त्या पाण्याचंच वजन साडेचार टन! तो कोण ढकलणार? म्हणून जुन्या बंबाची वीज फार जपावी लागते.

मग बिघाड शोधायचा कसा? चांगला मेकॅनिक गुप्तहेरासारखा असतो. दिसेल तो भाग बदलत सुटत नाही. विजेच्या वाटेवर एकेक ठिकाण तपासत जातो.

पहिलं ठिकाण बॅटरी. मोठ्या बंबात बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट मिळवतात. पूर्ण भरलेल्या दोन्ही मिळून मीटरवर २५ व्होल्टच्या आसपास दाखवतात. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल, तर वीज तिथेच अडते. दिवे लागले म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका हं! दिव्याला थोडी वीज पुरते, सेल्फला मात्र शेकडो अँपिअर लागतात.

दुसरं ठिकाण फ्यूज. वीज प्रमाणाबाहेर वाहू लागली, की त्यातली बारीक तार स्वतः वितळते आणि बाकीच्या तारा वाचवते. तिच्या जागी जाड तार बसवली, तर तारा तापून बंबालाच आग लागायची! फ्यूज का उडाला, ते आधी शोधायला हवं.

तिसरं ठिकाण सर्वांत गमतीचं. जुन्या गाडीत कित्येक दिव्यांकडे एकच तार जाते. मग वीज परत कुठून येते? गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून! यालाच मेकॅनिक 'अर्थ' म्हणतात. बंबाला पाण्यातच काम. सांगाड्याचे जोड गंजले, की परतीची वाट बंद! मग हॉर्न दाबला की दिवे मंद होतात, नाही तर इंडिकेटरबरोबर भलताच दिवा मिणमिणतो. बल्ब नवा, फ्यूज चांगला, तरी उजेड नाही. अशा वेळी मेकॅनिक दिव्याच्या पत्र्यापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक जादा तार जोडून पाहतो. दिवा लख्ख पेटला, की चोर सापडला! पॉलिश पेपरने गंज घासायचा आणि बोल्ट घट्ट आवळायचा. सेल्फच्या 'टक्'मागेही कधी कधी हाच चोर असतो.

तुम्हीही गुप्तहेर व्हा! मित्राला टॉर्चमध्ये दोन सेलच्या मधे कागदाचा कपटा लपवायला सांगा. सेल, बल्ब, स्प्रिंग असं एकेक तपासून बिघाड शोधा. घरातल्या विजेशी मात्र असे खेळ मुळीच करायचे नाहीत.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. पालकहो, त्या आठवड्यात मुलांना जवळच्या अग्निशमन केंद्रात जरूर न्या. आणि मुलांनो, बंबाची बॅटरी रोज कशी तपासता, हे तिथल्या काकांना विचारा बरं का!