गॅस गीझर पेटत नाही तेव्हा

रायगडच्या किनाऱ्यावर घर उबदार ठेवण्याची गरज सहसा पडत नाही, त्यामुळे थंड प्रदेशांत घरोघरी असणारी गॅसची भट्टी येथे अपरिचित आहे. तिच्याशी रचनेने आणि दोषांनी सर्वांत जवळचे नाते सांगणारे उपकरण म्हणजे न्हाणीघराच्या भिंतीवरील गॅस गीझर होय. माडाची सोडणे आणि झावळ्या जाळून पाणी तापवणाऱ्या चुलीची व बंबाची जागा या गीझरने अनेक घरांत घेतली असून, त्याला ठिणगीसाठी केवळ दोन सेल लागत असल्याने वीज गेली तरी तो चालतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ ज्या किनाऱ्यावर आदळले, तेथे ही सोय लहान म्हणता येत नाही. मात्र त्याच किनाऱ्यावरची खारी, दमट हवा या उपकरणाच्या मुळावर येते.

गीझर पेटण्याचा क्रम माहीत असला की तो कोठे अडला हे बरेचसे कानांनीच ओळखता येते. नळ उघडताच पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, सरकतो आणि एक छोटी कळ दाबली जाते; त्यासरशी इलेक्ट्रॉनिक पट्टी चट्‌चट् ठिणग्या पाडू लागते आणि विद्युतचुंबकाने उघडणारी गॅसची झडप, म्हणजे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, उघडते. ज्योत लागल्यावर तिच्यात बुडालेल्या एका बारीक दांडीतून अत्यल्प विद्युतप्रवाह वाहतो व ‘ज्योत आहे’ अशी खात्री पट्टीला देतो. काही सेकंदांत ही खात्री मिळाली नाही, तर पट्टी गॅस बंद करते.

ठिणगीचा आवाजच येत नसेल, तर गॅसचा विचार करण्याचे कारण नाही. टाकी छपरालगत असल्याने पाण्याला पुरेसा दाब नसतो, किंवा वाडीतल्या विहिरीच्या मचूळ, क्षारयुक्त पाण्याने प्रवेशनळीतली जाळी तुंबलेली असते, आणि पडदा सरकतच नाही. जाळी काढून धुणे हे काम घरचा माणूसही करू शकतो. पाणी जोरात येत असेल, तर सेलची खोबणी उघडून पाहावी. तेथील पत्र्याच्या पट्ट्यांवर जमलेला हिरवट-पांढरा थर हे खाऱ्या हवेचे काम असते आणि नवे सेल घालण्यापूर्वी तो घासून काढावा लागतो.

ठिणगी पडते पण ज्योत लागत नाही, ही अवस्था अधिक फसवी असते. अर्धवट उतरलेले सेल ठिणगी पाडू शकतात, पण झडप उघडून धरण्याइतकी ताकद त्यांच्यात उरलेली नसते, म्हणून आवाज ऐकू आला तरी सेल बदलून पाहणे शहाणपणाचे ठरते. दुसरे कारण सिलिंडरमध्ये असते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर सलग तासभर चालला, तर सुमारे एक किलो गॅस जाळतो. शेगडीच्या एका बर्नरपेक्षा ही मागणी कितीतरी मोठी असल्याने, संपत आलेल्या सिलिंडरवर चहा होतो पण गीझर पेटत नाही. नागाव, किहीम, काशीद या भागांत पर्यटकांसाठी बांधलेल्या आणि पावसाळाभर बंद राहिलेल्या घरांत बर्नरच्या नळ्यांत कोळ्यांची जाळी होतात, तेव्हा ज्योत पिवळी पडते किंवा मुळीच लागत नाही. अशा ठिकाणी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर उच्च दाबाच्या रेग्युलेटरने गीझरला जोडणे धोक्याचे आहे, कारण घरगुती उपकरणे सुमारे ३० मिलिबार इतक्या कमी दाबासाठी घडवलेली असतात.

ज्योत लागून लगेच विझत असेल, तर संवेदक दांडीवर काजळी वा गंज चढलेला असतो, किंवा वाऱ्याचा थेट झोत येत असतो, किंवा खोलीतला प्राणवायू कमी झालेला असतो. यातील शेवटचे कारण पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा टाळण्यासाठी खिडक्या लावून घेतल्यावर घडते आणि ते सर्वांत गंभीर आहे. अपुऱ्या प्राणवायूत जळणारा गॅस कार्बन मोनॉक्साइड निर्माण करतो. हा रंगहीन, गंधहीन वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे डोके दुखणे, गरगरणे आणि शुद्ध हरपणे यांत फारसे अंतर राहत नाही. काही गीझरांत प्राणवायू घटताच गॅस तोडणारी यंत्रणा असते. गीझर वारंवार विझतो म्हणून ही सुरक्षा-जोडणी वगळून देणारा कारागीर ‘हुशार’ म्हणून नावाजला जातो, पण वस्तुतः तो ग्राहकाचा घात करत असतो. गीझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर पण वाऱ्याच्या थेट माऱ्यापासून दूर अशा भिंतीवर बसवणे आणि जळालेले वायू नळीने बाहेर सोडणे, हाच या दुखण्यावरचा खरा उपाय आहे.

मुळीच न पेटणाऱ्या गीझरपेक्षा उशिरा, भडका घेऊन पेटणारा गीझर अधिक घातक असतो, कारण ठिणगी पोहोचेपर्यंत आत गॅस साठलेला असतो. नळ पुन्हापुन्हा उघडून पाहण्याची सवय हा साठा वाढवते. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो आणि उंचावरच्या झरोक्यातून सहज निघून जात नाही. असा भडका एकदाही झाला, तर रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि तंत्रज्ञाने बर्नर व ठिणगीचे टोक तपासेपर्यंत गीझर वापरू नये. गॅसचा वास येत असेल, तर पंख्याचे किंवा दिव्याचे बटण चालू वा बंद न करता घराबाहेर पडावे आणि १९०६ या गॅसगळतीच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.