गर्दी पातळ, वाट चिंचोळी

सकाळी पनवेलला सीएसएमटी लोकल लागायच्या वेळी जिन्याकडे नीट पाहावं. जिना मोकळा असला की माणसं पाच-सहा रांगांनी उतरतात, थोडा अडवला की तीन, आणखी अडवला की एक. अडीच रांगा होत नाहीत.

इलेक्ट्रॉनही असेच वागतात, याचं मला अजून नवल वाटतं. 1988 साली डेल्फ्ट आणि केंब्रिजच्या संशोधकांनी अर्धवाहकातल्या इलेक्ट्रॉनांची वाट दोन बाजूंच्या गेटांना व्होल्टेज देऊन आवळत नेली. वाहकता उतारासारखी घसरली नाही, पायरी-पायरीने उतरली. एक रांग उरली तेव्हा रोध सुमारे 12,906 ओहम. जिन्याची उपमा मात्र इथेच संपते. इलेक्ट्रॉन लाटही आहे, आणि वाटेच्या रुंदीत तिच्या अर्ध्या लांबीच्या पूर्ण पटीच मावतात, तंबोऱ्याच्या तारेवर मावतात तशा.

मग अतिवाहकात काय होईल? तिथे इलेक्ट्रॉन जोड्या करून रोधाशिवाय वाहतात. अडचण अशी की शिशासारख्या धातूत त्यांची इतकी दाटी असते की गेट त्यांना हलवू शकत नाही. गर्दी पातळ हवी, आणि तरीही जोड्या जमायला हव्यात. हे किती टोकाला जाऊ शकतं, ते हार्बर मार्ग जिथे संपतो त्या मुंबईतच दिसलं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 2016 मध्ये दाखवलं की बिस्मथ केवळ 0.53 मिलिकेल्विनला अतिवाहक होतं, आणि त्यात लाखभर अणूंमागे फिरता इलेक्ट्रॉन जेमतेम एक!

गेटाच्या प्रयोगाला उपयोगी पडलं ते स्ट्रॉन्शियम टायटनेट. ते अतिवाहक होतं हे 1964 पासून ठाऊक होतं, आणि त्यालाही थोडेच इलेक्ट्रॉन पुरतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच्या स्फटिकावर आयनिक द्रव ठेवून पृष्ठभागाशी इलेक्ट्रॉनांचा पातळ थर जमवला आणि इवल्या गेटांनी मधे एक चिंचोळी वाट उघडली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत, रोधाशिवाय जाऊ शकणारा जास्तीत जास्त प्रवाहही पायऱ्यांनीच वाढला. 1991 मध्ये हे कागदावर मांडलं गेलं होतं: प्रत्येक रांगेला स्वतःची कमाल मर्यादा, आणि ती ठरते जोडी किती घट्ट बांधली आहे यावरून. रोध शून्य झाला, तरी रांगा मोजता येत होत्या.