धक्का न मारता पुढे जाण्याची शर्यत

मोटारींची शर्यत म्हटले की टीव्हीवरची फॉर्म्युला वन डोळ्यांपुढे येते. आपल्या देशात ही शर्यत २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झाली आणि थांबली. त्याखेरीज चेन्नईजवळ आणि कोइमतूरला शर्यतीचे ट्रॅक आहेत. म्हणजे जळगाव-धुळ्याच्या एखाद्या मुलाला ही हौस असेल, तर आधी हजार किलोमीटरहून लांबचा प्रवास करायचा. गाडी, टायर, मेकॅनिक, हेल्मेट यांचा खर्च पुन्हा वेगळाच. साध्या घराला तो झेपत नाही.

अशा हौशी लोकांसाठी गेल्या काही वर्षांत एक वेगळे दार उघडले आहे. त्याला म्हणतात सिम रेसिंग. सिम म्हणजे सिम्युलेटर. वैमानिकाला विमान हाती देण्याआधी खोट्या कॉकपिटमध्ये बसवून शिकवतात, त्याच जातीची ही गोष्ट. मी मूळचा धुळ्याचा, जळगावात एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. दर रविवारी रात्री मी अशा एका ऑनलाइन लीगमध्ये गाडी चालवतो आणि अलीकडे पंचाचे कामही बघतो. "म्हणजे व्हिडिओ गेमच ना?" असे मला नेहमी विचारतात. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टेबलाला घट्ट बसवलेले स्टिअरिंग, पायाशी पेडल आणि समोर पडदा, एवढी सामग्री लागते. स्टिअरिंगमध्ये मोटर असते. टायरची पकड सुटू लागली की स्टिअरिंग हाताला हलके लागते, खड्डा आला की हिसका बसतो. चांगल्या सिम्युलेटरमधले अनेक ट्रॅक लेझरने मोजून तयार केलेले असतात. खऱ्या रस्त्यावरचा उंचवटा पडद्यावरच्या रस्त्यावरही त्याच जागी सापडतो. ब्रेक कुठे दाबायचा आणि किती दाबायचा, हे शेकडो फेऱ्या मारल्यावरच पायात बसते.

लीग म्हणजे अशा लोकांनी मिळून चालवलेली स्पर्धा. आमच्या हंगामात आठ शर्यती असतात, दर पंधरा दिवसांनी एक. मधल्या रविवारी सराव. शर्यतीच्या रात्री आधी पात्रता फेरी, मग तासाभराची शर्यत. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५, असा फॉर्म्युला वनचाच हिशेब. कुणी पुण्याचा, कुणी कोइमतूरचा, कुणी गुवाहाटीचा. कानाला हेडफोन लावून हिंदी-इंग्रजीची मिसळ चालू असते. त्यात दोन खान्देशी भेटले की गाडी लगेच अहिराणीवर घसरते.

आता यातली खरी अडचण सांगतो. आम्ही सगळे एका ट्रॅकवर दिसतो, पण बसलेले असतो आपापल्या गावी. माझी गाडी कुठे आहे, ही बातमी इंटरनेटवरून सर्व्हरकडे आणि तिथून इतरांकडे जाते. त्याला वेळ लागतो. सर्व्हर मुंबईत असला तर तो अगदी थोडा, युरोपात असला तर सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही जास्त. हा वेळ क्षुल्लक वाटेल. पण ताशी २०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ५५ मीटर जाते. सेकंदाच्या दहाव्या भागात साडेपाच मीटर, म्हणजे एका गाडीच्या लांबीहून अधिक! म्हणून जाणकार वायफायवर भरवसा न ठेवता केबल जोडतात. नेटचा वेग फार लागत नाही, ते अखंड लागते. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की वीजही कधी जाईल याचा नेम नसतो. मी कॉम्प्युटरबरोबर राउटरही इन्व्हर्टरवर ठेवला आहे. तसे केले नाही तर पंचवीस फेऱ्या नीट चालवलेली गाडी सव्विसाव्या फेरीला सगळ्यांच्या पडद्यावरून नाहीशी होते.

पण त्याहून मोठी अडचण माणसाच्या स्वभावाची. खऱ्या ट्रॅकवर धडक दिली तर हाडे मोडतात, लाखोंची गाडी भंगारात जाते. ती भीतीच चालकाला आवरते. पडद्यावर काहीच मोडत नाही. मग पुढच्याला ढकलून का जाऊ नये? हा प्रश्न लीगने सोडवला नाही, तर पहिल्याच वळणावर वीस गाड्यांचा ढीग होतो.

तो सोडवायला नियम आणि पंच लागतात. वळणाआधी मागची गाडी पुढच्याच्या बरोबरीला आली असेल, तर दोघांनीही एकमेकांसाठी एका गाडीची जागा सोडायची. बरोबरीला आली नसेल, तर मागच्याने थांबायचे. रस्त्याबाहेर गेलेल्याने परत येताना येणाऱ्यांना आधी वाट द्यायची. आयरेसिंग या २००८ साली सुरू झालेल्या सेवेत तर प्रत्येक चालकाला परवाना असतो. रस्ता सोडला तर एक, गाडीवरचा ताबा गेला तर दोन, दुसऱ्याला जोरात धडकला तर चार, असे दोष मोजले जातात. दोष वाढले की परवान्याची पायरी उतरते. आमच्या लीगमध्ये ते काम माणसेच करतात. शर्यत संपल्यावर चोवीस तासांत तक्रार द्यायची. तीन पंच तो प्रसंग चारही बाजूंनी पुन्हा पाहतात आणि निकाल कारणासह लिहितात. पंच स्वतः त्या प्रसंगात असेल, तर तो बाजूला बसतो. जत्रेतल्या कुस्तीच्या फडात पंचाचा शब्द चालतो तो त्याच्यावर विश्वास असतो म्हणून. इथेही तसेच आहे.

मागच्या हंगामातली गोष्ट. धुळ्याकडचा अकरावीतला एक मुलगा शेवटच्या फेरीत पुढच्याला मागून ठोकून पहिला आला. "गेमच तर आहे, भाऊ," असे वर म्हणाला. ज्याला ठोकले तो रात्रपाळी करणारा माणूस. आठवडाभर पहाटे घरी येऊन त्याने सराव केला होता. तो एवढेच म्हणाला, "गेम खोटा असेल, माझा आठवडा खरा होता." आम्ही त्या मुलाला दहा सेकंदांचा दंड केला. तो सहावा झाला. दोन शर्यती तो रुसून आला नाही. मग आला. पुढे एकदा त्याच्याकडून पुन्हा कुणाला धक्का लागला, तेव्हा समोरच्याने तक्रार करण्याआधी त्याने स्वतःविरुद्ध तक्रार दिली होती.

मोठ्या नावांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये खरे रेसर घरून ऑनलाइन शर्यती खेळत होते. तेव्हा फॉर्म्युला ई मधल्या डॅनियल आप्टने आपल्या जागी एका सराईत सिम चालकाला बसवले. ते उघडकीस आले. त्याला दहा हजार युरो दंड म्हणून धर्मादाय संस्थेला द्यावे लागले आणि ऑडीने त्याला संघातून निलंबित केले. शर्यत पडद्यावरची होती, फसवणूक खरीच धरली गेली.

यातून खऱ्या ट्रॅकवर जाता येते का? क्वचित येते. निसान आणि सोनी यांची जीटी अकॅडमी २००८ साली सुरू झाली. २०११ साली ती जिंकणारा यान मार्डेनबरो २०१३ मध्ये ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसऱ्या आलेल्या गाडीचा एक चालक होता. २०१४ साली ही स्पर्धा भारतातही झाली आणि अभिनय बिक्कानी जिंकला. पण त्याच मार्डेनबरोची गाडी २०१५ मध्ये जर्मनीच्या न्यूरबुर्गरिंगवर हवेत उडून कुंपणापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा जीव गेला. पडद्यावरची गाडी एक बटण दाबले की पुन्हा उभी राहते. रस्त्यावर तसे बटण नसते. सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात, त्या धुळ्याच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

म्हणून पालकांना दोन शब्द. मुलगा किंवा मुलगी यात रमत असेल, तर लगेच हाणून पाडू नका. सुरुवातीला जुने, वापरलेले स्टिअरिंगही चालते. वेळ ठरवून द्या. पैसे लावायला सांगणारा खेळ असेल, तर तो हा नव्हे. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घातली आहे आणि ई-स्पोर्ट्सना त्यापासून वेगळे मानले आहे. लीगमध्ये लेखी नियम आणि पंच आहेत का, ते विचारा. आणि एखाद्या रविवारी शेजारी बसून पाहा. तुमचे मूल कितवे आले यापेक्षा वळणावर त्याने शेजारच्याला जागा सोडली का, हे बघा. चारचाकीचा खरा परवाना अठराव्या वर्षी मिळेल. जागा सोडण्याची सवय त्याआधी लागली, तर चांगलेच.