जहांगीर कलादालन आणि लोकाभिमुख कलाकेंद्रांची परंपरा

कलाकृती लोकांसमोर मांडणाऱ्या जागांचे स्थूलमानाने तीन प्रकार मानता येतात. शासकीय कलासंग्रहालयांचे मुख्य कार्य संग्रहाचे जतन व अभ्यास हे असते. व्यापारी कलादालनांत दालनाचा चालक चित्रकार निवडतो आणि विक्रीत वाटेकरी असतो. तिसरा प्रकार ना-नफा तत्त्वावरील कलाकेंद्रांचा. ही केंद्रे न्यास किंवा नोंदणीकृत संस्था चालवितात व त्यांचे उत्पन्न पुन्हा कार्यातच खर्ची पडते. स्वतःचा मोठा संग्रह त्यांच्याजवळ बहुधा नसतो. भिंत, प्रकाश आणि उघडे दार हेच त्यांचे भांडवल. महाराष्ट्रातील या प्रकाराचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे मुंबईच्या काळा घोडा परिसरातील जहांगीर कलादालन.

मुंबईत चित्रप्रदर्शनांची प्रथा जुनी आहे. बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना १८८८ सालची. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे व बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप १९४७ मध्ये उदयास आला. नव्या चित्रकारांची अशी पिढी उभी राहत असताना तिच्यासाठी कायमस्वरूपी सार्वजनिक प्रदर्शनगृह असावे, असा आग्रह चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी धरला. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ देणगी दिली आणि तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) आवारात ही वास्तू उभी राहिली. १९५२ मध्ये ती कलावंतांना खुली झाली.

या कलादालनाची कार्यपद्धती समजून घेण्याजोगी आहे, कारण त्याची लोकसेवा तिच्यातच सामावलेली आहे. कलावंत आपल्या कामाच्या नमुन्यांसह अर्ज करतो, समिती निवड करते आणि निवड झालेल्यास साधारणतः मंगळवार ते सोमवार असा एका आठवड्यासाठी कक्ष भाड्याने मिळतो. मुंबईच्या त्या भागातील जागेचे मोल पाहता हे भाडे बरेच कमी असते. सोमवारी सायंकाळी एकाची चित्रे उतरतात आणि दुसऱ्याच्या चौकटी भिंतीला टेकून उभ्या राहतात. आठवडाभर चित्रकार बहुधा स्वतःच दाराजवळच्या टेबलाशी बसलेला असतो. त्याच्यापुढे अभिप्रायाची वही उघडी असते. प्रेक्षकाला शुल्क नाही. कचेरीतून निघालेला कारकून, महाविद्यालयीन विद्यार्थी, पाऊस टाळण्यासाठी आत शिरलेला वाटसरू यांपैकी कोणीही त्याला ‘हे कशाने रंगवले?’ असे विचारू शकतो. समकालीन कलेविषयी सामान्य माणसाच्या मनात जो संकोच असतो, तो दूर करण्याचे याहून परिणामकारक साधन माझ्या पाहण्यात नाही. कलामहाविद्यालयांतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ‘मान्सून शो’ हे निवडक प्रदर्शनही येथे भरते.

दालनाचा प्रभाव त्याच्या भिंतींपुरता राहिला नाही. बाहेरच्या पदपथावर चित्रकार आपली चित्रे मांडतात, जाणाऱ्या-येणाऱ्यांची व्यक्तिचित्रे काढून देतात. १९९९ पासून भरणारा काळा घोडा कला महोत्सव याच परिसरात रुजला. आतले ‘समोवार’ हे चिंचोळे उपाहारगृह १९६४ पासून २०१५ पर्यंत चालले. चहा-पराठ्याच्या निमित्ताने ज्येष्ठ चित्रकार आणि नवखा विद्यार्थी तेथे शेजारी बसत. ते बंद झाले, ही मुंबईच्या कलाजीवनाची खरी हानी होय.

व्यापारी आणि ना-नफा हे प्रकार परस्परविरोधीच असतात असे नाही. याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर केकू गांधी यांची ‘केमोल्ड’ ही व्यापारी कलावीथी १९६३ पासून अनेक वर्षे होती. डहाणू तालुक्यातील गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे १९७५ मध्ये तेथे प्रदर्शित झाली. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी त्यांची प्रतिभा हेरली होती. लग्नप्रसंगी तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर रेखाटली जाणारी ही वारली कला अशा रीतीने कागदावर व कापडावर आली. म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

प्रदर्शनाऐवजी निर्मितीला जागा देणारी केंद्रे हा वेगळा उपप्रकार. मुंबईच्या वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट हे त्याचे उत्तम उदाहरण. १९५० व १९६० च्या दशकांत तेथे गायतोंडे, हुसेन, नसरीन मोहमदी, प्रफुल्ला डहाणूकर यांना नाममात्र भाड्यात चित्रशाळा लाभल्या. इब्राहिम अल्काझी यांचे नाट्यकार्य तेथे चाले आणि रविशंकर यांचे संगीतविद्यालयही तेथेच होते. एकाच जिन्यावर चित्रकार, नट आणि वादक भेटत. पुढे ती वास्तू पाडण्यात आली. गोव्यात पणजीच्या आल्तिनो टेकडीवरील ‘सुनापरांत’ हे ना-नफा कलाकेंद्र २००९ पासून कार्यरत आहे. प्रदर्शनांबरोबर कार्यशाळा व व्याख्याने यांवर त्याचा भर आहे.

या परंपरेची मर्यादाही नोंदविली पाहिजे. बहुतेक केंद्रे मोठ्या शहरांत आहेत, तर चित्रकलेचे शिक्षण मात्र खेड्यापाड्यांत पोहोचलेले आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांसाठी ग्रामीण माध्यमिक शाळांतील मुले वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन यांचा कसून सराव करतात. शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरेसारख्या गावातील मुलगा तांब्या-भांड्याची छायाप्रकाशासह रचना उत्तम काढू शकतो. पण हयात चित्रकाराचे मूळ चित्र, त्यावरील रंगाचा थर आणि कुंचल्याचा ओघ त्याने जवळून पाहिलेला असतोच असे नाही. छापील प्रतिमेतून चित्राचा आकारही कळत नाही, पोत तर नाहीच. जहांगीर कलादालनाच्या पद्धतीतील आवश्यक घटक मोजके आहेत: एक स्वच्छ भिंत, आठवड्याची मुदत, विनामूल्य प्रवेश आणि उपस्थित कलावंत. तालुक्याच्या गावी, एखाद्या शाळेच्या सभागृहात, दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत ते जुळवून आणणे अशक्य नाही, असे मला मनापासून वाटते.

तोवर तळेगाव ढमढेरेच्या कलाशिक्षकांना पुणे जवळचे आहे. शिक्रापूरमार्गे नगर रस्त्याने तेथे जाता येते. शनिवार पेठेत महाराष्ट्र कल्चरल सेंटर या संस्थेचे सुदर्शन कलादालन आहे आणि त्याला जोडून सुदर्शन रंगमंच हे छोटेखानी नाट्यगृह. विद्यार्थ्यांना न्यायचे झाल्यास चालू प्रदर्शनाची चौकशी आधी करावी आणि शक्यतो चित्रकार स्वतः उपस्थित असेल असा दिवस निवडावा.